बोट जुनी, पण कुठे जुनी?

वैशाख सरत आला की कोकणातल्या खाड्यांच्या काठाने बोटी वर ओढायला सुरुवात होते. जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेवढे दिवस नौका किनाऱ्यावर ओंडक्यांचा आधार देऊन उभ्या करायच्या, वरून झापांनी नाहीतर ताडपत्रीने शाकारायच्या. एरवी पाण्याखाली असलेला बोटीचा निम्मा भाग या दिवसांत उघडा पडतो. त्यामुळे ज्याला जुनी बोट विकत घ्यायची आहे त्याला ती नखशिखान्त पाहायला मिळते ती याच काळात.

गिऱ्हाइकाबरोबर सहसा एखादा मुरलेला तांडेल किंवा सुतार असतो. नव्या रंगाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, सुरुवात करून हातोडीने एकेक फळी ठोकत तो मागे सरकतो. चांगला साग ठणकतो, कुजका बद्द वाजतो. आवाज बदलला की तो थांबतो आणि तिथे चाकूचे टोक टेकवतो. टोक अडले तर ठीक, अलगद आत गेले तर किमतीची बोलणी तिथेच बदलतात. पाण्याची रेघ, पठाणाचे (बोटीच्या तळाच्या कण्याचे) सांधे आणि पंख्याचा शाफ्ट बाहेर पडतो ती जागा या तीन ठिकाणी त्याचा हात जास्त रेंगाळतो. शेवटी तो मागच्या बाजूला जातो, एक डोळा मिटतो आणि पठाण सरळ आहे की मध्येच त्याला पोक आले आहे ते पाहतो.

चाकू लागतो तो टेरेडोमुळे. लोक त्याला किडा म्हणतात, पण तो शिंपल्यांच्या कुळातला प्राणी. अगदी लहान असताना टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून तो लाकडात शिरतो आणि मग आतल्या आत वाढत, बोगदा खणत जातो. फळी बाहेरून शाबूत दिसते, आतून तिची चाळण झालेली असते. बोटीच्या बुडाला चुना आणि चरबी फासण्याची, माशाचे तेल चोळण्याची आणि वरचेवर तिला कोरड्यात घेण्याची जुनी रीत या शत्रूसाठीच होती.

जुनी बोट पाहायची म्हणजे तिच्या एकेका अवयवाचे वय ओळखायचे. सांगाडा वीस वर्षांचा असतो, दोन फळ्या गेल्या वर्षीच्या असतात, खिळे कधीचेच संपलेले असतात आणि इंजिन दुसऱ्याच कुठल्या बोटीतून आलेले असते. अशा बोटीचे ‘वय’ सांगायचे तरी कसे? जगभरच्या जहाजधंद्याने या प्रश्नावर दोनशे वर्षांहून अधिक काळ डोके खाजवले आहे.

एखादी वस्तू फर्मास निघाली की आपण सहज म्हणून जातो, ‘एकदम ए वन!’ हा शब्द जुन्या बोटींच्या तपासणीतूनच आला. लंडनमध्ये एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचे कॉफीगृह होते. तिथे जहाजमालक, कप्तान आणि विमा उतरवणारे जमत. बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर पैसे लावायचे तर ते आतून कसे आहे हे कळायला हवे. म्हणून या मंडळींनी १७६० मध्ये एक संस्था काढली आणि जहाजे तपासायला माणसे नेमली. १७६४ पासून त्यांची नोंदवही छापून निघू लागली. जहाजाच्या सांगाड्याला इंग्रजी स्वरांपैकी एक अक्षर मिळे, सर्वांत चांगल्याला ‘ए’. नांगर, दोरखंड, शिडे या सरंजामाची प्रत वेगळ्या खुणेने दाखवत. पुढे त्यासाठी आकडे आले. १७७५ च्या सुमारास दोन्ही जोडून ‘ए वन’ ही नोंद वहीत दिसू लागली. सांगाडा एक गोष्ट आणि सरंजाम दुसरी, त्यांची पारख वेगवेगळी करायची, हे शहाणपण त्या दोन खुणांत होते.

पुढे मात्र या शहाणपणाला फाटा मिळाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस नोंदवहीवाल्यांनी जहाजाची प्रत त्याच्या वयावरून आणि ते कुठे बांधले यावरून ठरवायला सुरुवात केली. टेम्स नदीवर बांधलेल्या जहाजांना त्यात झुकते माप होते. जहाज कितीही निगुतीने राखलेले असो, ठरलेली वर्षे भरली की ते खालच्या प्रतीत जाई. मालक खवळले आणि १७९९ मध्ये त्यांनी स्वतःची वेगळी वही काढली. एकीचे पुठ्ठे हिरवे, दुसरीचे लाल. पस्तीस वर्षे दोन्ही वह्या एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. दोघीही डबघाईला आल्या तेव्हा कुठे १८३४ मध्ये त्या एक झाल्या.

वयाच्या मापाने जहाज मोजणे किती फसवे, याचा सर्वांत बोलका पुरावा मुंबईत बांधला गेला. ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश आरमाराची लढाऊ नौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया, लाकूड मलबारचा साग. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडचा ओक संपत आला होता म्हणून हे काम मुंबईकडे आले होते. ओकमधले आम्ल लोखंडी खिळे खाऊन टाकते. सागातले तेल उलट त्यांना जपते. इंग्लंडला पोहोचल्यावर ही नौका पंचवीस वर्षे नुसती बांधून ठेवलेली होती. १८९७ मध्ये आरमाराने ती भंगारवाल्याला विकली तेव्हा ती ऐंशी वर्षांची होती. व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने ती त्याच्याकडून विकत घेतली, तिचे नाव बदलले आणि मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्यासाठी वापरली. आज ती मूळच्या नावाने इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे आणि तिचे निम्म्याहून अधिक लाकूड मूळचेच आहे.

आपल्या देशाच्या आधुनिक जहाजधंद्याची पहिली मोठी खरेदीही जुन्याच बोटीची होती. तिचा जन्म इंग्लंडमधल्या बॅरो इथला. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने ती १८९० मध्ये पाण्यात उतरली आणि कॅनडाच्या पॅसिफिक रेल्वे कंपनीसाठी व्हँकुव्हर ते हाँगकाँग अशी धावू लागली. लांबी साडेचारशे फुटांवर, दोन पंखे, पांढराशुभ्र रंग. प्रशांत महासागरात तिने दोन तपे काढली. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर, १९१४ मध्ये, ती ग्वाल्हेरच्या महाराजा माधवराव शिंद्यांनी घेतली. ‘लॉयल्टी’ असे नवे नाव मिळून ती हिंदी सैनिकांसाठी तरंगते इस्पितळ बनली. युद्ध संपले आणि इस्पितळाची गरजही संपली.

दिल्लीहून मुंबईला येताना आगगाडीतच ही बोट विक्रीला असल्याचे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या कानी आले, अशी हकीकत सांगतात. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना बरोबर घेऊन त्यांनी ती विकत घेतली. मार्च १९१९ मध्ये कंपनी उभी राहिली, तिचे नावही शिंद्यांवरून ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ असे ठेवले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. १९६४ पासून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो तिच्याच या फेरीच्या आठवणीसाठी.

तांडेलाच्या नजरेने पाहिले तर या खरेदीत काय दिसते? सांगाडा पोलादी, नामांकित गोदीतला. पण बोट अठ्ठावीस वर्षांची होती. तिची वाफेची इंजिने एकोणिसाव्या शतकातली होती आणि कोळशाचा खर्च त्यांच्याबरोबर आलाच. शिवाय तिची रचना प्रवासी आणि टपाल यांच्यासाठी झालेली, त्यात मध्ये चार वर्षे इस्पितळाची. माल वाहून चार पैसे मिळवणाऱ्या कंपनीला असले अंग सोयीचे नसते. समोर इंग्रज कंपन्या दंड थोपटून उभ्या होत्याच. मार्च १९२१ मध्ये ‘लॉयल्टी’ बंदरात बांधून ठेवावी लागली आणि १९२३ मध्ये मुंबईतच ती मोडीत निघाली. त्याच वर्षी ‘ब्रिटिश इंडिया’ या इंग्रज जहाज कंपनीशी करार करून सिंदियाला आपल्या जहाजांच्या टनभारावर मर्यादा मान्य करावी लागली.

निव्वळ बोट म्हणून हा सौदा तोट्याचाच होता आणि तसे म्हणण्यात वालचंदांचा अवमान नाही. १९१९ मध्ये नवी बोट सांगून वेळेत मिळण्यासारखी परिस्थितीच नव्हती; युद्धाने जगभर जहाजांचा दुष्काळ पडला होता. जी हाताशी होती ती त्यांनी घेतली आणि तिच्या जिवावर कंपनी उभी केली. ती कंपनी टिकली. विशाखापट्टणमला तिने गोदी बांधली आणि १९४८ मध्ये तिथून ‘जलउषा’ ही नवीकोरी बोट पाण्यात उतरवली.

बोटीचे वय कशावरून ठरवायचे, हा प्रश्न कोकणातल्या मच्छीमारांच्या वाट्याला आला तो डिझेल इंजिनाबरोबर. आपल्याकडे १९५० च्या दशकात सरकारी कर्जे आणि सहकारी संस्था यांच्या जोरावर इंजिने आली. मुंबई राज्यातल्या आणि सौराष्ट्रातल्या शिडाच्या मचव्यांचा बांधाच असा होता की नवी बोट न बांधता जुन्यातच इंजिन बसवता आले. सातपाटीचा मचवा तर बांधणीसाठी नावाजलेला. केरळात ओंडका कोरून केलेल्या होड्यांमध्ये ही सोय नव्हती.

सोय मोठी, पण तिची किंमत सांगाड्याने मोजली. शिडाच्या बोटीवर जोर वरून, डोलकाठीतून येत असे. आता मागच्या बाजूला मणामणाचे लोखंड बसले आणि तासन्‌तास थरथरू लागले. मागच्या खांबाला भोक पाडून शाफ्ट बाहेर काढलेला. खिळे सैल झाले, फळ्यांच्या फटींत ठोकून भरलेला काथ्या निसटू लागला. ट्रकची इंजिने समुद्रासाठी बदलून बसवण्याची चाल पडल्यावर तर बोटीचे आणि इंजिनाचे वय यांचा काही संबंधच उरला नाही. जुनी बोट पाहताना मागच्या बाजूला जास्त वेळ घालवायची तांडेलाची सवय म्हणून बरोबर आहे.

मग फायबर आले. फायबरच्या बोटीला टेरेडो लागत नाही, फळ्या कुजत नाहीत, आणि परदेशांत जुन्या मोटरबोटींचा मोठा बाजार उभा राहिला तो त्याच बळावर. अमेरिकेत तर नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नव्या बोटीच्या अंगावर तिचा क्रमांक कोरणे सक्तीचे झाले. बोट केव्हाची, हे तेवढ्यावरून कळते. पण बोट कशी, हे तो क्रमांक सांगत नाही. फायबरच्या थरांत पाणी मुरते, फोड येतात, आतले लाकूड भिजून लगदा होते आणि वरून सगळे चकचकीत राहते. तिथेही अखेर टिचकी मारून आवाजच ऐकावा लागतो.

जुनी बोट घेणाऱ्याला म्हणूनच एक विनंती आहे. सांगाडा पाहायला पावसाळ्यात जा, बोट वर ओढलेली असताना, आणि बरोबर सुतार न्या. इंजिन मात्र पाण्यावर पाहा. पोहोचल्यावर आधी त्याला हात लावून बघा. ते गरम लागले तर मालकाने तुमच्या आधीच सुरू करून ठेवले आहे, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा या आणि थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. तेलाची कांडी बाहेर काढा. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे. तासभर समुद्रात फिरवून आणल्यावर तळातली फळी उचला आणि किती पाणी साठले ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नोंदणीचे कागद आणि कर्जाचा बोजा तपासून झाल्यावरच विसार द्या.