रुमाल कोणी सोडायचा?

मराठी व्याकरणात 'उघडणे' हे उभयविध क्रियापद मानले जाते. 'रामाने दार उघडले' या वाक्यात ते सकर्मक असते. 'दार उघडले' या वाक्यात तेच अकर्मक होते. दुसऱ्या वाक्यातही दार उघडणारा कोणीतरी असतोच (वारा का असेना), परंतु वाक्याला त्याची गरज भासत नाही. संगणकाच्या पडद्यावरील पिवळ्या फोल्डरवर दोन टिचक्या मारून आपण 'फोल्डर उघडला' असे म्हणतो, तेव्हा क्रियापदाचा हा गुण फारच सोयीचा ठरतो. वस्तुतः फोल्डर आपला आपण उघडत नाही आणि आपणही तो उघडत नाही. तो उघडणारी एक तिसरीच आज्ञावली असते आणि ती कोणती, हे एका नोंदवहीत आधीच लिहिलेले असते. ही नोंद बिघडली की टिचकी मारावी फोल्डरवर आणि समोर यावी शोधखिडकी किंवा गाणी वाजवणारी एखादी आज्ञावली, असा प्रकार होतो. लपलेला कर्ता प्रथम दिसतो तो अशा वेळी.

या कर्त्याचा इतिहास संगणकाहून जुना आहे. पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले असत. रुमाल म्हणजे फोल्डरच. आत काय आहे हे रुमाल स्वतः सांगत नाही. ते त्याच्यावरील चिठ्ठी सांगते. आतला कागद मात्र आपली ओळख स्वतःच देतो. 'तीर्थरूप', 'राजश्री', 'अखंडित लक्ष्मी अलंकृत' असा मायना वाचताच, पुढील मजकुराचे एक अक्षरही न लावता, जाणत्याला लिहिणारा आणि वाचणारा यांचे नाते कळते. १८१८ नंतर हे दफ्तर इंग्रजांच्या हाती गेले आणि रुमाल सोडणारा बदलला. महसुली अधिकाऱ्याने सोडलेल्या रुमालातून इनामाचे आणि वतनाचे दाखले निघाले. अभ्यासकांना हे दफ्तर दीर्घकाळ सहजी खुले नव्हते. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, तेव्हा त्याच दफ्तरातून राजकारण, मोहिमा आणि घरगुती कलह बाहेर आले. दफ्तर तेच होते. ते काय म्हणून सोडले, यावर काय दिसले हे ठरले.

संगणकाच्या जगात चिठ्ठी आणि मायना या दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या गेल्या. सत्तरच्या दशकातील सीपी/एम या प्रणालीत फाइलच्या नावाला आठ अक्षरे आणि त्यापुढे टिंब देऊन तीन अक्षरे अशी जागा होती. डॉसने १९८१ मध्ये हीच रीत उचलली. शेवटची तीन अक्षरे ही चिठ्ठी. ती बदलली तरी आतला मजकूर जसाच्या तसा राहतो. युनिक्सने मायन्यावर भर दिला. १९७३ पासून त्या प्रणालीत 'फाइल' नावाची एक आज्ञा आहे, जी फाइलच्या आरंभीची चिन्हे वाचून तिचा प्रकार ओळखते. आजही प्रत्येक झिप फाइलच्या आरंभी 'पीके' ही दोन अक्षरे असतात. ती त्या पद्धतीचा कर्ता फिल कॅट्झ याची आद्याक्षरे. पत्राच्या माथ्यावर 'श्री' असावा तशी ती बसली आहेत.

सर्वांत देखणी व्यवस्था मात्र १९८४ च्या मॅकिंटॉशची होती, असे माझे मत आहे. तिथे प्रत्येक फाइलबरोबर चार-चार अक्षरांचे दोन संकेत जात: एक फाइलच्या प्रकाराचा आणि दुसरा तिला जन्म देणाऱ्या आज्ञावलीचा. दोन फाइली एकाच जातीच्या असल्या तरी प्रत्येक आपापल्या आईकडे परत जाई. दुसऱ्या यंत्रणांशी देवाणघेवाण सुरू झाल्यावर ही खूण वाटेतच गळून पडू लागली आणि २००९ च्या 'स्नो लेपर्ड' आवृत्तीने जन्मदात्या आज्ञावलीचा संकेत विचारात घेणेच सोडून दिले. जगात टिकली ती चिठ्ठी.

विंडोजने चिठ्ठ्यांचा अर्थ लावणारी मध्यवर्ती वही उभी केली. आरंभी ती एका साध्या मजकूर-फाइलमधील काही ओळींपुरती होती. १९९२ च्या ३.१ आवृत्तीत तिला स्वतंत्र रूप मिळाले आणि १९९५ नंतर 'रजिस्ट्री' या नावाने ती सर्वव्यापी झाली. त्याच विंडोज ९५ ने 'डिरेक्टरी' या रूक्ष शब्दाच्या जागी 'फोल्डर' हा शब्द रूढ केला आणि तो उघडण्याचे काम 'एक्स्प्लोरर' या आज्ञावलीकडे सोपवले. फोल्डरला टिंब नाही, चिठ्ठी नाही आणि फाइलसारखा मायनाही नाही; म्हणून वहीत त्याच्यासाठी निराळे पान ठेवावे लागले. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये हे पान सामान्य वापरकर्त्याला एका साध्या खिडकीतून बदलता येत असे. तिथे कोणी हौसेने फोल्डरसाठी एखादी नवी कृती जोडली आणि मुख्य कृती कोणती हे न ठरवता खिडकी मिटली, तर प्रणाली त्या पानावर आधीपासून असलेली 'शोधा' ही कृती उचलत असे. मग प्रत्येक फोल्डर शोधखिडकीत उघडू लागे. यावरचा उपाय मला फार आवडतो. त्या पानावरील मुख्य कृतीच्या जागी 'नन' एवढा शब्द लिहायचा, म्हणजे 'कोणीच नाही'. विशिष्ट पानावर कोणीच नाही असे दिसले की प्रश्न वरच्या, अधिक सामान्य पानाकडे जातो आणि तिथे एक्स्प्लोरर उभा असतो. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर, कर्त्याच्या जागी शून्य लिहिल्यावर वाक्य पुन्हा अकर्मक होते!

या सोयीची काळी बाजूही त्याच काळात आपल्याकडे घरोघर दिसली. विंडोज ९५ पासून ओळखीच्या चिठ्ठ्या लपवून ठेवण्याची रीत पडली होती. मे २००० मध्ये जगभर पसरलेले 'आय लव्ह यू' हे विषाणुपत्र याच रीतीचा फायदा घेत होते: नावाच्या अखेरीस दिसणारी चिठ्ठी मजकुराची आणि तिच्यामागे लपलेली चिठ्ठी आज्ञावलीची. पुढे पेनड्राइव्ह आले आणि लबाडी फोल्डरपर्यंत पोहोचली. मीरा रोडच्या पूर्वेला आमच्या सिल्व्हर पार्क परिसरात त्या वर्षांत डीटीपीचे दुकान, सायबर कॅफे, क्लास आणि घर यांच्यामध्ये पेनड्राइव्ह अखंड फिरत असे. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, एम. फिल.चे प्रबंध, सारे एकाच किल्लीच्या जुडग्याला लटकलेले. विषाणू खरे फोल्डर दडवून ठेवी आणि त्यांच्या जागी त्याच नावाच्या, पिवळ्या फोल्डरचेच चित्र ल्यालेल्या आज्ञावल्या मांडी. टिचकी मारणाऱ्याला वाटे, आपण रुमाल सोडला. प्रत्यक्षात त्याने चोराला दार उघडून दिलेले असे. (सिल्व्हर पार्क म्हटल्यावर बागेत सोड असे रिक्षावाल्याला कोणी सांगत नाही, नाव आणि आतली वस्तू यांतले अंतर आम्हाला ठाऊक असते. पडद्यावर मात्र आम्ही चित्रावर विश्वास ठेवला.) पुण्याच्या कैलास आणि संजय काटकर या बंधूंचे 'क्विक हील' महाराष्ट्रातल्या अनेक घरांत पोहोचण्यामागे या फिरत्या पेनड्राइव्हचाही हातभार असावा.

लिनक्समध्ये गोष्ट वेगळी आहे आणि अधिक सभ्यही. तिथे प्रत्येक आज्ञावली आपल्याला काय काय उघडता येते याचे निवेदन देते. फोल्डरचा प्रकारही त्या यादीत असतो. संगीतवादक म्हणतो, मला अख्खा फोल्डर वाजवता येतो. प्रोग्राम लिहिण्याचा संपादक म्हणतो, मला अख्खा फोल्डर संपादता येतो. 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड'ने असे निवेदन दिल्यामुळे अनेकांचे साधे फोल्डर त्याच्यात उघडू लागले आणि तक्रारी झाल्या. यात खोटे कोणीच बोलत नाही. इनामाचा अधिकारी आणि इतिहासकार, दोघांचाही रुमालावर हक्क असतो. आधी कोणाला बोलवायचे एवढाच वाद.

हा वाद मिटवण्याचा अधिकार मात्र आक्रसत गेला. एक्सपीमधील ती खिडकी २००७ च्या व्हिस्टामध्ये काढून टाकली गेली. २०१२ च्या विंडोज ८ पासून फाइलसाठी वापरकर्त्याने केलेल्या निवडीवर एक गुप्त पडताळणी-संकेत बसवला जाऊ लागला, जेणेकरून दुसरी आज्ञावली परस्पर तिथे खाडाखोड करणार नाही. लबाडांचा बंदोबस्त झाला, हे मान्य. पण वही आता आपल्या टेबलावर नसून कुलुपात आहे.

मराठीच्या अभ्यासकाला हे सारे परके वाटू नये. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे मराठी मजकूर ज्या फॉन्टांत टंकित झाला, त्यांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेले होते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालीच आली होती, पण आपल्या छापखान्यांत आणि दुकानांत ती पोहोचायला बराच काळ गेला. त्यामुळे आज जुनी फाइल उघडावी तर चिठ्ठी बरोबर असते, आज्ञावली बरोबर असते आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा चुरा सांडतो. कोणत्या घरात कोणते अक्षर, ही वही त्या फॉन्टमध्ये होती. फॉन्ट दुकानाच्या संगणकात होता. आणि तो संगणक केव्हाच भंगारात गेला. सुदैवाने वर्डच्या फाइलीत फॉन्टचे नाव नोंदलेले राहते. फॉन्ट जवळ नसला तरी त्या चुऱ्यावर कर्सर ठेवल्यास वरच्या चौकटीत ते नाव दिसते. ज्यांच्याकडे जुन्या सीडी, प्रबंध, अनियतकालिकांचे अंक पडून असतील त्यांनी आधी ते नाव एका कागदावर उतरवून सीडीच्या वेष्टनात ठेवावे. युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचे काम त्यानंतर केले तरी चालेल.