लंडनच्या नॅशनल गॅलरीशेजारचा रिकामा भूखंड

१/ लंडनच्या ट्रफाल्गार चौकातील नॅशनल गॅलरीच्या पश्चिमेस एक भूखंड होता. सरकारने तो गॅलरीच्या विस्तारासाठी विकत घेतला, तरी तिथे चित्रे लागायला सुमारे तीन दशके जावी लागली. जमीन हाती असूनही एवढा विलंब का झाला, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/ १८२४ साली ब्रिटिश सरकारने जॉन ज्युलियस अँगरस्टीन यांच्या संग्रहातील ३८ चित्रे ५७,००० पौंडांना खरेदी केली आणि या संस्थेचा आरंभ झाला. विल्यम विल्किन्स यांनी रचलेली चौकातील इमारत १८३८ साली खुली झाली. दर्शनी बाजूने ती लांबलचक दिसे. पुढून मागे मात्र जेमतेम एक दालन मावे. कारण तिच्या पाठीशी लष्कराच्या बराकी होत्या आणि वर्कहाउस, म्हणजे निर्धनांना कामाच्या अटीवर आसरा देणारे गृह होते.

३/ वर्कहाउस पाडल्यानंतर १८७२ ते १८७६ या काळात एडवर्ड मिडलटन बॅरी यांनी मध्यवर्ती अष्टकोनाभोवती नवी दालने बांधली. विसाव्या शतकाच्या आरंभी बराकीही हटल्या आणि आणखी पाच दालनांची भर पडली. शेजारची जमीन मोकळी होईल तशी गॅलरी वाढत गेली.

४/ पश्चिमेस ‘हॅम्प्टन्स’ हे फर्निचरचे मोठे दुकान होते. १९४० च्या जर्मन बॉम्बहल्ल्यांत ते उद्ध्वस्त झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने ती जागा घेतली. बांधकामाला मात्र निधी मिळाला नाही. जनतेच्या पैशाने घेतलेल्या त्या जागेवर वर्षानुवर्षे मोटारी उभ्या राहिल्या.

५/ १९८२ साली वास्तुरचनेची स्पर्धा झाली. तिची अट चमत्कारिक होती : वरच्या मजल्यावर चित्रदालने, खाली भाड्याची व्यापारी कार्यालये. सरकारला बांधकामावर खर्च करायचा नव्हता. तो विकासकाने कार्यालयांच्या उत्पन्नातून भागवायचा होता.

६/ ‘अहरेंड्स, बर्टन अँड कोरालेक’ या संस्थेची निवड झाली. मे १९८४ मध्ये तत्कालीन युवराज चार्ल्स यांनी वास्तुविशारदांच्या समारंभातच त्या आराखड्याला लाडक्या, देखण्या मित्राच्या चेहऱ्यावरील राक्षसी गळवाची उपमा दिली. त्याच वर्षी आराखड्याला परवानगी नाकारण्यात आली.

७/ १९८५ साली किराणा उद्योगातील जॉन, सायमन आणि टिमोथी या सेन्सबरी बंधूंनी बांधकामाचा खर्च देऊ केला आणि कार्यालयांची अट निकाली निघाली. रॉबर्ट व्हेंच्युरी व डेनिस स्कॉट ब्राउन यांनी रचलेली ‘सेन्सबरी विंग’ १९९१ साली खुली झाली. आरंभीच्या प्रबोधनकाळातील चित्रांना तिथे घर मिळाले.

८/ आज या प्रकरणातले गळू सर्वांच्या लक्षात आहे, कार्यालयांची अट मात्र विस्मरणात गेली. वास्तविक आराखडा बेढब होता की नाही, यापेक्षा तो वाद मोठा होता. सार्वजनिक कारणासाठी घेतलेल्या जमिनीने स्वतःचा खर्च स्वतःच कमवावा का? सरकारने या प्रश्नाचे उत्तर कधी दिलेच नाही. तीन श्रीमंत भावांच्या देणगीने तो टळला.

९/ म्हणून भूसंपादनाचा इतिहास वाचताना खरेदीच्या तारखेपाशी थांबू नये. जागा कोणत्या कारणासाठी घेतली, ते कारण पुढे किती वर्षे पाळले गेले आणि अखेर पैसा कोणी दिला, हेही तपासावे.