मिळकतीचे महिने

अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 साली बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून एक नियम मांडला: मिळकत वाढते तसा एकूण खर्चातला अन्नाचा वाटा घटतो. अर्थशास्त्रातले कितीतरी नियम त्यानंतर मोडीत निघाले. हा अजून तग धरून आहे. तरी मिळकत आणि आहार या विषयात नव्याने येणाऱ्याने तो काखोटीला मारून थेट गडचिरोलीतले एटापल्ली किंवा चंद्रपुरातले नागभीड गाठू नये. एंगेलची कुटुंबे रोख मजुरीवर जगणारी, अन्न विकत घेणारी होती. आपल्या झाडीपट्टीत मिळकत महिन्याची नसते, हंगामाची असते. आणि तिच्यातला मोठा भाग नोटांच्या रूपात घरी येतच नाही.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायची. मग तेंदूपत्ता. पहाटे रानात शिरायचे, दुपारी घरातल्या साऱ्यांनी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि सायंकाळी फळीवर (संकलन केंद्रावर) मोजून द्यायचे. अनेक घरांत वर्षातली सर्वांत मोठी रोकड याच दिवसांत येते आणि उधारी, बियाणे, एखादे लग्न यांत बघता बघता जिरते. रोवणीच्या वेळी कोठी तळाला गेलेली असते, अंगमेहनत शिगेला पोचलेली असते आणि हिवतापही तेव्हाच. पण त्याच पावसात वास्ते (बांबूचे कोंब) फुटतात, सात्या (अळिंबी) उगवतात, तरोट्याची भाजी मिळते, बोडीत (लहान तळ्यात) मासे येतात. म्हणजे खिसा रिकामा असलेल्या महिन्यात ताट अधिक रंगीत असू शकते! गेल्या तीस दिवसांत काय खाल्ले, असे विचारणारी पाहणी मे महिन्यात केली की श्रावणात, यावर तिचा निष्कर्ष पालटू शकतो. रानातून फुकट आणलेल्या भाजीची किंमत कोणत्या भावाने लावायची, हा प्रश्न आणखी वेगळाच.

लाखोळीच्या डाळीचे उदाहरण मला या विषयाचे प्रवेशद्वार वाटते. धान उभे असतानाच बांधीतल्या (भातखाचरातल्या) ओलीत हे बी फेकतात. नांगरट नाही, पाणी नाही, तरी पीक हाती येते. तिच्यात मज्जातंतूंना अपाय करणारे एक द्रव्य असते. लाखोळीच मुख्य अन्न होऊन महिनोन्महिने पोटात गेली, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. यामुळे 1961 मध्ये देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती 2008 मध्ये उठवली. भात, भाजी, मासे यांच्यासोबत वाटीभर वरण खाणाऱ्याला सहसा काही होत नाही. डाळ तीच, घातक ठरते ती ताटातल्या तिच्या वाट्यामुळे. आणि तो वाटा ठरतो घरात दुसरे काय शिल्लक आहे त्यावर. मिळकत शरीरात कशी उतरते, हे याहून उघडपणे क्वचितच दिसते.

या संग्रहातल्या पुढच्या लेखांत उष्मांकांचे वाद येतील. अर्थतज्ज्ञ दांडेकर-रथांनी 1971 मध्ये दारिद्र्यरेषा 2250 उष्मांकांवर बेतली. संख्याशास्त्रज्ञ सुखात्मे म्हणत, नेहमीचे अन्न पोटभर मिळाले तर प्रथिनांची टंचाई सहसा उरत नाही. ड्रेझ आणि डीटन या अर्थतज्ज्ञांनी 2009 मध्ये दाखवले, की देशाचे उत्पन्न वाढत असतानाही ग्रामीण भारतातले सरासरी उष्मांक घटत होते. अंगमेहनत कमी झाली हे त्याचे एक कारण असावे, असे ते सुचवतात. रोवणीच्या बांधीत दिवसभर वाकलेल्या बाईला ते कितपत लागू पडते, हे वाचकाने स्वतः तपासावे. अंत्योदय कार्डावरच्या महिना 35 किलो धान्याने उपासमारीची धार बोथट केली यात शंका नाही, पण धान्याने डाळ-तेलाची उणीव भरून निघत नाही.

पैसा कोणाच्या हाती पडतो आणि कशावर जातो हेही पाहावे लागते. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) मात्र दोन्हीकडे सर्रास, आणि तो अनेक घरांत भाजीआधी विकत घेतला जातो. पाहणीच्या तक्त्यात ‘कुटुंबाचे उत्पन्न’ असा एकच रकाना असतो. खर्ऱ्याचा खर्च आणि शेवटी जेवणारी सून त्यात दिसत नाहीत.

या संग्रहाच्या मिळकतीवरच्या भराला छेद देणारा पुरावाही याच मातीतला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात बालमृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले होते. ते मिळकत वाढण्याची वाट पाहून नव्हे. मिळकतीवर सगळे खापर फोडणाऱ्या लेखकांनी (मीही त्यांतलाच) हा आकडा टेबलासमोर लावून ठेवावा.

उलट दिशेचा प्रश्न, म्हणजे मिळकत आली की ताटात काय बदलते, हा अजून मोकळा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूचा पैसा ग्रामसभेकडे येऊ लागला. चंद्रपुरातल्या बल्लारपूर-घुग्घूसच्या खाणपट्ट्यात तर पगार महिन्याला येतो. एका जिल्ह्यात रानाची मालकी, दुसऱ्यात पगाराची पावती: या दोन प्रकारच्या पैशांनी पाच वर्षांच्या मुलाच्या जेवणात वेगवेगळे काय आणले, यावर बारा महिने दोन्हीकडे फिरून केलेला अभ्यास कोणी हाती घेतला, तर पुढच्या आवृत्तीत त्याच्यासाठी जागा राखलेली आहे.