दख्खनमधील अवर्षणमापन : पाऊस, प्रवाह आणि विहिरीची पातळी

दुष्काळाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक बहुधा धान्याचे भाव, गुरांची हानी, देशांतर आणि मृत्यू यांच्यापासून आरंभ करतात. त्यात गैर असे काही नाही. तथापि दुष्काळ पडला आहे हे कोणी ठरविले, कोणत्या मापाने ठरविले आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात ठरविले, हा प्रश्न आपल्याकडे अद्याप पुरेसा विचारला गेलेला नाही. पाऊस न पडणे ही निसर्गातील घटना असली, तरी दुष्काळ जाहीर होणे ही कचेरीतील घटना आहे. आणि ह्या दोहोंच्या मध्ये जो काळ जातो त्यात माणसे गाव सोडतात. प्रस्तुत लेखात दख्खनच्या पठारापुरता ह्या मापनाचा विचार करावयाचा आहे. पाऊस, नदीचा प्रवाह आणि भूजलाची पातळी ही तीन मापे आज एकाच तक्त्यात शेजारी शेजारी मांडली जातात. परंतु ती तीन निरनिराळ्या कचेऱ्यांत, तीन निरनिराळ्या हेतूंनी जन्मास आली, आणि त्यांपैकी एकही मूलतः दुष्काळ ओळखण्यासाठी निर्माण झालेले नव्हते, असे माझे प्रतिपादन आहे.

पाऊस मोजण्याची कल्पना ह्या देशास नवी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या पुढे एक अरत्नी, म्हणजे सुमारे हातभर, रुंद तोंडाचे भांडे पर्जन्यमापनासाठी ठेवावे असे सांगितले आहे. निरनिराळ्या प्रदेशांचे पर्जन्यमानही तेथे द्रोणांत दिले असून गोदावरीच्या खोऱ्यातील अश्मक देशाचा आकडा अवंतीच्या मानाने पुष्कळच कमी आहे, आणि अपरान्तात, म्हणजे कोकणात, पाऊस अमाप असे म्हटले आहे. घाटाच्या अलीकडचे आणि पलीकडचे अंतर त्या ग्रंथकारास ठाऊक होते हे त्यावरून दिसते. परंतु भांडे कोठाराच्या दाराशी आहे, ही गोष्ट दृष्टीआड करू नये. किती धान्य आत येईल याचा अदमास घेण्यासाठी ते तेथे होते.

अर्वाचीन काळात दख्खनच्या हवामानाची पद्धतशीर निरीक्षणे करणाऱ्यांत कर्नल साइक्स यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. मुंबई सरकारच्या सांख्यिकी कामावर असताना त्यांनी केलेल्या नोंदींवर आधारलेला दख्खनच्या हवामानाविषयीचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ मध्ये प्रसिद्ध केला. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. मात्र ह्या निरीक्षणांचा दुष्काळाशी संबंध जोडला जावयास १८७६ उजाडावे लागले. भारतीय हवामानखात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांनी त्याची सूत्रे हाती घेतली, तोच दख्खनवर तो महाभयंकर दुष्काळ कोसळला. खाते नवे, केंद्रे विरळ. त्या दुष्काळात आकड्यांनी कोणाचा प्राण वाचविला असे म्हणता येत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतून वृत्तान्त गोळा करून ते सरकारपुढे मांडण्याचे काम पुण्याच्या सार्वजनिक सभेने केले. आणि इतिहासाचे साधन म्हणून ते वृत्तान्त पर्जन्याच्या तक्त्यांपेक्षा अधिक बोलके आहेत, हे कोणाही अभ्यासकास मान्य व्हावे.

त्यानंतर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये आपला अहवाल दिला, आणि १८८३ मध्ये तात्पुरती दुष्काळ संहिता सिद्ध झाली. ह्या संहितेत दुष्काळाची जी पूर्वचिन्हे सांगितली आहेत ती वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. पाऊस चुकणे हे त्यांतील एक चिन्ह आहे खरे. परंतु भाव चढणे, सावकाराने हात आखडता घेणे, लोकांचे ध्येयहीन भटकणे, गुन्ह्यांची वाढ ही चिन्हेही तितक्याच महत्त्वाची मानली आहेत. आणि अखेरचा पुरावा म्हणून चाचणीची कामे काढावयाची : अल्प मजुरीवर खडी फोडावयास किती लोक येतात ते पाहावयाचे. म्हणजे पर्जन्यमापकाने सांगितलेल्या गोष्टीची खात्री माणसाच्या हाडांवरून करून घ्यावयाची. १८९६ च्या दुष्काळात टिळकांच्या 'केसरी'ने ह्याच संहितेतील हक्क शेतकऱ्यांस समजावून सांगितले.

संहितेच्या जोडीला महसूलखात्याचे स्वतःचे एक माप होतेच, ते म्हणजे आणेवारी. पूर्ण पिकाचे सोळा आणे धरून यंदा किती आणे पीक आले हे गावोगाव नजरेने किंवा कापणी करून ठरवावयाचे, आणि त्यावरून साऱ्याची तहकुबी अथवा सूट द्यावयाची. हे माप शेतकऱ्याच्या ओळखीचे आहे, हा त्याचा मोठा गुण. परंतु पीक उभे राहिल्यावर किंवा करपल्यावरच ते घेता येते. शिवाय सारा किती सोडावयाचा हे ज्याच्या आकड्यावर अवलंबून, तोच आकडा ठरविणार, ही त्यातील गोम जुनी आहे.

येथे पावसाच्या मापाविषयी थोडे विषयांतर करतो. काही वर्षांपूर्वी एका तालुका कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापक पाहण्याचा योग आला. भोवताली असलेल्या अडथळ्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर तो असावा असा नियम आहे. तेथे मात्र कडुनिंबाची एक फांदी त्याच्यावर सावली धरून उभी होती, आणि कोणीतरी त्याच्या कठड्यावर सतरंजी वाळत घातली होती. त्याच यंत्राच्या आकड्यावरून त्या तालुक्याची सरासरी निघत असे. सुदैवाने आता महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित केंद्रे आली आहेत. परंतु दीर्घकालीन सरासरी अद्याप जुन्याच नोंदींवरून काढावी लागते, आणि त्या नोंदी झाडाखालच्या आहेत की मोकळ्यावरच्या, हे तक्त्यात लिहिलेले नसते.

खरी अडचण मात्र यंत्राची नाही, बेरजेची आहे. हवामानखात्याच्या व्याख्येप्रमाणे मोसमी पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी झाला म्हणजे अवर्षण, आणि निम्म्याहून कमी झाला म्हणजे तीव्र अवर्षण. सोलापूरकडील शाळूचे शेत हा हिशेब मानीत नाही. तेथे उत्तरा आणि हस्ताचा पाऊस चुकला, तर मृगाच्या आणि आर्द्राच्या भरभक्कम आकड्याने बेरीज शंभर टक्के झाली तरी रब्बी उभी राहत नाही. शेतकरी पाऊस नक्षत्रावर मोजतो तो अज्ञानाने नव्हे. पावसाच्या बेरजेइतकेच त्याच्या वेळेलाही मूल्य आहे हे त्यास माहीत असते. हॅरॉल्ड मॅन यांचा १८६५ ते १९३८ ह्या काळातील मुंबई इलाख्याच्या दख्खन भागातील पाऊस आणि दुष्काळ यांविषयीचा प्रबंध १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या नोंदी दुष्काळाच्या प्रश्नाशी जोडून पाहणारे ते काम आजही आपल्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचण्यासारखे आहे.

आता प्रवाहाकडे वळू. नदीचे पाणी मोजण्याची विद्या येथे अभियंत्यांनी आणली, आणि त्यांस दुष्काळापेक्षा तलावाची चिंता होती. नागपूरच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने अलेक्झांडर बिनी यांनी १८६९ आणि १८७२ ह्या वर्षी सुमारे १६ चौरस किलोमीटरच्या एका लहान पाणलोटावर पाऊस आणि अपवाह यांची जोड-मापे घेतली. पुढे स्ट्रेंज यांनी १८९२ मध्ये पाणलोटांचे चांगले, मध्यम आणि वाईट असे वर्ग पाडून कोष्टके तयार केली. १९२९ मध्ये इंग्लिस आणि डिसूझा ह्या दोघांनी पश्चिम भारतातील ५३ मापनस्थळांच्या आकड्यांवरून दोन सूत्रे बसविली, एक घाटासाठी आणि दुसरे पठारासाठी. ही सूत्रे विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करतात आणि सोडून देतात. मला ती दख्खनच्या सामाजिक इतिहासाचे साधन वाटतात.

इंचांत मांडले असता पठाराचे सूत्र असे आहे : वार्षिक पावसातून ७ वजा करावेत, उरलेल्यास पावसाने गुणावे आणि शंभराने भागावे. २० इंच पाऊस झाला तर २.६ इंच पाणी ओढ्यानाल्यांतून वाहील. त्यात ३० टक्के तूट येऊन पाऊस १४ इंच झाला तर वाहणारे पाणी ०.९८ इंच, म्हणजे तूट ६२ टक्क्यांची. घाटाचे सूत्र निराळे आहे : पावसाच्या ८५ टक्क्यांतून १२ वजा करावेत. तेथे १२० इंच पावसाचा अपवाह ९० इंच येतो. त्याच ३० टक्के तुटीने पाऊस ८४ इंच झाला तर अपवाह ५९.४ इंच, म्हणजे तूट अवघी ३४ टक्के. एकाच टक्केवारीची पर्जन्यतूट घाटमाथ्यावर जवळजवळ तितकीच राहते आणि पठारावर दुपटीहून अधिक होते. ही सूत्रे सरासरीची आहेत, प्रत्येक पाणलोटास ती जशीच्या तशी लागू होत नाहीत, हे मान्य करूनही मूळ मुद्दा अबाधित राहतो.

ह्यावरून दोन नद्यांची तुलना करता येईल. भीमा सह्याद्रीत उगम पावते. १९८० मध्ये पूर्ण झालेले उजनी धरण ज्या पावसाने भरते तो मुख्यतः दूर पश्चिमेस पडलेला असतो. म्हणून उजनी तुडुंब आणि कालव्याबाहेरच्या शिवारात जनावरांस चारा नाही, असे दृश्य एकाच तालुक्यात दिसू शकते. अशा वर्षी भीमेच्या प्रवाहाचा आकडा त्या तालुक्याविषयी काहीच सांगत नाही. उलट मांजरा नदी बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरात, म्हणजे पर्जन्यछायेतच, उगम पावते. तिला घाटमाथ्याचा आधार नाही. पठाराच्या सूत्रातील ती दुप्पट तूट तिच्या वाट्यास संपूर्ण येते. मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. मिरजेस पाणी होते, कारण कृष्णेच्या माथ्यावर महाबळेश्वर आहे. वर्तमानपत्रांनी त्या गाडीची छायाचित्रे पुष्कळ छापली. घाटाच्या सूत्रातील पाणी लोहमार्गाने पठाराच्या सूत्रात नेले जात होते, ही गोष्ट मात्र कोणी सांगितली नाही.

तिसरे माप सर्वांत उशिरा आले. १९७० ते १९७३ ह्या काळात लागोपाठ पाऊस चुकला, आणि त्या आघातातून रोजगार हमीची योजना जशी वाढली तशीच १९७२ मध्ये राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अस्तित्वात आली. तिच्या नावातील दोन्ही शब्द ध्यानात घ्यावेत. सर्वेक्षण करावयाचे ते विकासासाठी, म्हणजे अधिक विहिरी आणि विंधणविहिरी घेण्यासाठी. हिने निरीक्षण-विहिरी निवडून वर्षातून ठराविक वेळा पाण्याची पातळी मोजण्यास आरंभ केला. आपल्या राज्याचा सुमारे ८२ टक्के भाग कृष्णप्रस्तराचा. हा खडक पाणी फार थोडे धरतो. त्याची विशिष्ट जलदेयता २ टक्के धरली, तर विहिरीची पातळी १ मीटर उतरणे म्हणजे शिवारातील केवळ २० मिलिमीटर पाणी संपणे होय. ५०० मिलिमीटर पावसापैकी ७ टक्के मुरले असे मानल्यास पातळी पावणेदोन मीटर चढेल, आणि तेवढी उतरविण्यास काही एकरांचा ऊस पुरे होतो. अशा खडकात विहीर पावसाची साक्ष देते की पंपाची, हे केवळ पातळी पाहून सांगता येत नाही.

१९७२ साली धान्य नव्हते पण विहिरीत पाणी होते, आता धान्य आहे पण पाणी नाही, असे आपल्याकडे नेहमी ऐकू येते. ह्या म्हणण्यात तथ्य असावे; तथापि ते आकड्यांनी सिद्ध करणे कठीण आहे, कारण पद्धतशीर नोंद १९७२ नंतरची, म्हणजे उपसा वाढू लागल्यानंतरची आहे. दुसरी अडचण पद्धतीची. पाणीटंचाईचा अंदाज बांधताना ऑक्टोबरमधील पातळीची तुलना मागील पाच वर्षांच्या सरासरीशी करतात, आणि पातळी १ मीटरहून अधिक उतरली असल्यास गाव टंचाईच्या यादीत येते. समजा, एखाद्या गावाची ऑक्टोबरची पातळी कायम ६ मीटरवर असे, ती एके वर्षी ८ मीटरवर गेली. त्या वर्षी तूट २ मीटरची दिसेल. ती ८ मीटरवरच राहिली, तर पाच वर्षांनी तूट शून्य होईल. विहीर जशीच्या तशी खोल, हंडा तितकाच दूर. सरासरीच खाली उतरून गावाला भेटलेली असते.

केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने ही तिन्ही मापे प्रथमच एका चौकटीत आणली. पहिली कळ पर्जन्यतुटीची आणि पावसातील खंडाची. दुसरी पेरणी, मृदेतील ओलावा, उपग्रहावरून दिसणारी हिरवाई, नदीप्रवाह, जलाशय आणि भूजल यांची. आणि शेवटी दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी. रचना विचारपूर्वक केलेली आहे यात शंका नाही. परंतु पाऊस जुलैत चुकतो, प्रवाह सप्टेंबरात आटतो, विहीर ऑक्टोबरात किंवा त्याही पुढे बोलू लागते. वर्षाच्या एकाच दिवशी तिघांची साक्ष घ्यावयाची म्हटल्यास एकाची स्मृती जुनी झालेली असते आणि दुसऱ्याने अद्याप काही पाहिलेलेच नसते. महाराष्ट्रात ह्या पद्धतीने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. लगेच पुढच्या महिन्यात, निकषांच्या चाळणीतून सुटलेल्या अडीचशेहून अधिक महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती असल्याचे केवळ पावसाच्या आकड्यावरून मान्य करावे लागले. आणि २०१९ च्या आरंभी जी आणखी गावे यादीत आली, ती अंतिम पैसेवारी ५० पैशांहून कमी भरली म्हणून. नाणे १९५७ मध्ये दशमान झाल्यावर आण्याचा पैसा झाला होता, एवढाच काय तो फरक.