दिनविशेष : २० मार्च

१८२६ : पुरातत्त्ववेत्ते ऑगस्टस वोलॅस्टन फ्रँक्स यांचा जिनिव्हात जन्म. १८५१ मध्ये ते ब्रिटिश म्युझियममध्ये रुजू झाले आणि धातुकाम व मीनाकामाचे अव्वल जाणकार ठरले. थेम्स नदीत १८५७ मध्ये सापडलेली, तांबड्या काचेच्या टिकल्यांनी सजलेली बॅटरसीची कांस्य ढाल आणि तशाच इतर वस्तू कुणाच्या, याचा तेव्हा गोंधळ होता. फ्रँक्स यांनी त्यांची शैली ताडून पाहिली आणि १८६३ च्या ‘होरी फेरालेस’ या ग्रंथात त्यांना ‘उत्तर-केल्टिक’, म्हणजे उत्तरकालीन केल्टिक, या गटात बसवले. कागदोपत्री पुरावा नसताना केवळ घडणीवरून काळ ओळखण्याची ही नजर विलक्षणच.

संत अॅग्नेसच्या कथेची चित्रे असलेला चौदाव्या शतकातील फ्रेंच सुवर्णचषक १८९२ मध्ये ८,००० पौंडांना म्युझियममध्ये आला, तो त्यांच्याच खटपटीमुळे. या चषकात कोरलेल्या सोन्यावर पारदर्शक मीना चढवला आहे. कोरणी जिथे खोल, तिथे रंग गडद दिसतो. आपल्या संग्रहातील ऑक्सस नदीकाठचा प्राचीन इराणी सुवर्णठेवाही त्यांनी म्युझियमलाच दिला. यातील बऱ्याच वस्तू रावळपिंडीच्या बाजारातून पुढे आल्या होत्या. निधन २१ मे १८९७.