शब्दवेध : क्लोन आणि बेणे

उमरखेड, महागाव, पुसद या पट्ट्यात हळद पेरत नाहीत, लावतात. हळदीला फुले येतात, पण तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असल्याने बी धरत नाही. म्हणून आधीच्या पिकातले निरोगी जेठे गड्डे बेणे म्हणून राखायचे आणि मे-जूनमध्ये पुन्हा जमिनीत घालायचे. सेलम या जातीच्या बेण्यातून सेलमच उगवते, जनुकांसकट जशीच्या तशी.

विज्ञान यालाच ‘क्लोन’ म्हणते. ग्रीक भाषेत क्लोन म्हणजे डहाळी. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बर्ट वेबर यांनी १९०३ मध्ये हा शब्द सुचवला, तो कंद, फुटवे, कलमे यांपासून वाढवलेल्या रोपांसाठीच. क्लोन म्हणून गाजलेली डॉली मेंढी जन्मली त्यानंतर, १९९६ साली. शब्द मुळात शेतातला. यवतमाळच्या शाळेत ‘अलैंगिक प्रजनन’ ही जड संज्ञा शिकवताना आधी बेणे, डोळा, फुटवा हे शब्द मुलांपुढे ठेवावेत, असे मला मनापासून वाटते. निम्मा धडा त्यांना घरूनच येत असतो.

या एकसारखेपणात जोखीमही आहे. कंदकूज एका झाडाला लागली, तर शेजारच्या झाडाची प्रतिकारशक्ती वेगळी नसते. शिवाय बेण्याबरोबर रोगही नव्या शिवारात जातो. कंदकुजीच्या शेतातले बेणे स्वस्त मिळाले, तरी घेऊ नका.