डीफ्रॅग पुराण

घरचा पीसी स्लो झाला की सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे अजिबात कमतरता नाही. "डीफ्रॅग कर", "रजिस्ट्री क्लीन कर", "आतली धूळ काढ", आणि शेवटचं ब्रह्मास्त्र म्हणजे "फॉरमॅट मार"! आयटीवाल्याला तर हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही गाठतो. गंमत अशी की या प्रत्येक सल्ल्याला स्वतःचा इतिहास आहे. काही सल्ले एकेकाळी खरे होते, काही कधीच खरे नव्हते, आणि एखादा तर दिवसेंदिवस जास्तच खरा होत गेला. कुठला कुठे बसतो हे कळलं तर आपला रविवार आणि खिसा, दोन्ही वाचतात. म्हणून हा वीकेंड या पुराणाला.

सुरुवात हार्ड डिस्कपासून. १९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक नावाचं मशीन आणलं. त्यात २४ इंची ५० तबकड्या, आणि एवढ्या सगळ्या थाटात जागा किती, तर साधारण ५० लाख अक्षरांची! हवी ती नोंद गाठायला आतला यांत्रिक हात हलायचा आणि त्याला सरासरी ०.६ सेकंद लागायचे. पुढे तबकड्या लहान झाल्या, वेग वाढला, पण मूळ दुखणं तेच राहिलं. डिस्क फिरते आणि वाचणाऱ्या हेडला जागेवर जावं लागतं. घरगुती ७२०० आरपीएमची डिस्क घ्या. एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, म्हणजे हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद. हेड सरकायला आणखी ८-९. एका फाइलचे हजार तुकडे डिस्कभर पसरलेले असतील तर नुसत्या धावपळीतच १२-१३ सेकंद गेले की!

पण मुळात तुकडे होतात कशाला? तर त्यामागे फॅट ही फाइल सिस्टीम. मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडॉनल्डने ती १९७७ मध्ये लिहिली, तीही फ्लॉपीसाठी. फाइलचा पुढचा तुकडा कुठे आहे हे सांगणारा एक तक्ता, एवढंच तिचं तंत्र. नवीन फाइल आली की जागा मिळेल तिथे तुकडे टाकायचे. गर्दीच्या एसटीत पाच जणांचं कुटुंब जसं मिळेल त्या सीटवर विखरून बसतं, तसंच. मग तिकिटं काढताना कंडक्टरची जी फरफट होते, तीच हेडची.

यावरचा उपाय म्हणजे डीफ्रॅग, अर्थात सगळ्या कुटुंबाला एका ओळीत आणून बसवणे. ऐंशीच्या दशकात नॉर्टन युटिलिटीजमधला स्पीड डिस्क हेच करायचा. १९९३ च्या एमएस-डॉस ६.० मध्ये मायक्रोसॉफ्टने सिमँटेककडून परवाना घेऊन डीफ्रॅग आतच दिला. मग विंडोज ९५ आणि ९८ चे ते रंगीत चौकोन आले. मध्येच कुठल्या प्रोग्रॅमने डिस्कवर काही लिहिलं की स्वारी पुन्हा पहिल्यापासून सुरू! तरीही लोक तासन् तास बघत बसायचे, कारण कॉम्प्युटर "साफ" होताना डोळ्यांना दिसत होता.

२००७ मध्ये व्हिस्टाने चौकोन काढून टाकले आणि डीफ्रॅग आठवड्यातून एकदा आपोआप व्हायला लागला. २००९ मध्ये विंडोज ७ ने एसएसडी ओळखून तिच्यापुरतं हे वेळापत्रकच बंद केलं. कारण उघड आहे. एसएसडीत ना तबकडी, ना हेड. त्यामुळे तुकडा कुठेही असला तरी तिथे पोचायला जवळपास सारखाच वेळ. उलट तिच्या प्रत्येक सेलला किती वेळा पुसून लिहिता येईल याची मर्यादा असते, त्यामुळे उगाच हलवाहलव केली तर आयुष्यच कमी होणार. तिला हवी असते ट्रिम, म्हणजे कुठला डेटा आता रद्दी झाला हे डिस्कला सांगणारी कमांड. तीही विंडोज स्वतःच देते. थोडक्यात काय, डीफ्रॅग खोटा कधीच नव्हता. त्याचं कारण तेवढं निघून गेलं.

आता दुसरा प्रकार, जो मुळातच खोटा. १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं तेव्हा रॅम महाग होती आणि ४ एमबीवर ते अक्षरशः रडायचं. लगेच सॉफ्टरॅम ९५ बाजारात. दावा काय, तर नुसत्या सॉफ्टवेअरने मेमरी दुप्पट! लाखो प्रती खपल्या. जाणकारांनी उघडून पाहिलं तर विंडोज ९५ वर ते मेमरी अजिबात वाढवत नव्हतं. अखेर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला धरलं.

रजिस्ट्री क्लीनर याच वंशातले. रजिस्ट्रीची रचना झाडासारखी असते, त्यामुळे शे-दोनशे मेलेल्या नोंदी काढून वेग वाढत नाही, चुकीची नोंद उडाली तर मात्र विंडोज झोपतं. मायक्रोसॉफ्टनेही नव्वदच्या दशकात रेगक्लीन नावाचं टूल दिलं होतं आणि नंतर मागे घेतलं. हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर २०१९ चं उदाहरण घ्या. ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम यांनी त्याच कमिशनशी एकूण ३.५ कोटी डॉलर भरून तडजोड केली. आरोप असा होता की दुकानात "कॉम्प्युटर स्लो आहे का?" छापाचे चार प्रश्न विचारायचे, आणि एकावरही खूण केली की मालवेअरची लक्षणं सापडली म्हणून निकाल ठरलेला. स्कॅन फक्त दिखाव्यापुरता! मग दुरुस्तीचं बिल.

आणि तिसरा प्रकार, धूळ. हा सल्ला एकेकाळी फक्त टापटिपीचा वाटायचा. २००० च्या शेवटी आलेल्या पेंटियम ४ मध्ये चिप तापली की स्वतःच वेग कमी करायची सोय होती. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरने चालू गेममध्ये प्रोसेसरवरचा हीटसिंकच काढून दाखवला. पेंटियम ४ वरचा गेम रखडत का होईना चालू राहिला आणि एएमडीचा अॅथलॉन जळाला. आज सगळेच प्रोसेसर स्वतःला असे सांभाळतात. म्हणून पंख्यात धूळ अडकली की मशीन बंद न पडता गुपचूप स्लो होतं, आणि आपण बिचाऱ्या विंडोजला शिव्या घालतो.

तर मंडळी, पुढच्या वेळी घरून फोन आला की आधी टास्क मॅनेजर उघडायला सांगा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा, फरक लगेच दिसेल. मेमरी भरलेली असेल तर स्टार्टअप टॅबमधली नको ती मंडळी बंद करा, नाहीच भागलं तर रॅम वाढवा. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर विंडोजचंच डिस्क क्लीनअप पुरतं. पंखा घोंघावत असेल तर मशीन बंद करून, प्लग काढून धूळ साफ करा.

आणि "तुमचा पीसी धोक्यात आहे" म्हणत पैसे मागणारी खिडकी उघडली, तर आई-बाबांना एवढंच सांगून ठेवा: काही दाबू नका, आधी मला फोन करा.